अटलांटिकचे रेडकर

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा टोकियोतल्या जुन्या मराठी माणसांसाठी काही पानं ठेवली आहेत. अंकाचं काम बघणाऱ्या जोशीवहिनींचा फोन आला. "मेधा, रेडकरांवर तू लिही. त्यांच्यासोबत नोकरी केलेली आपल्यात तूच एक आहेस. आणि चांगलं लिही हं. ते टोकियो सोडून गेले, आता कशाला राग धरायचा?"

मी हो म्हटलं. लिहायला बसले तेव्हा कळलं की राग मी धरलेला नाही, तोच मला धरून बसलाय. हे अंकात छापून येईल असं वाटत नाही. तरी लिहिते.

वामन रेडकर मूळचे वेंगुर्ल्याचे. इकडच्या एका व्यापारी कंपनीसाठी कोकणातली कोलंबी घेता घेता ते तरुणपणी जपानात आले आणि ती कंपनी गुंडाळली गेली तरी परत गेले नाहीत. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते बासष्टीचे होते आणि उएनोजवळच्या एका लहानशा पर्यटन कंपनीत नोकरीला होते. अकरा माणसांचं ऑफिस, चौथ्या मजल्यावर. कंपनीचा धंदा एकच. नोकरीतून निवृत्त झालेल्या जपानी लोकांना पोर्तुगालच्या अटलांटिक किनाऱ्यावर फिरवून आणायचं. उत्तरेतल्या पोर्तोपासून खाली साग्रेशच्या टोकापर्यंत, गावं, पुळणी, किल्ले, मठ, दीपगृहं. कुठल्या दिवशी कुठे जायचं, किती थांबायचं, कुठे बसायचं, हे सगळं रेडकर आखत. ऑफिसात त्यांना 'ताइसेइयो-नो रेडकर' म्हणत, म्हणजे अटलांटिकचे रेडकर. हे नाव त्यांना आवडत असावं, कारण ते त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. बाकी सगळं ते दुरुस्त करत.

मी आयटीतली. माझी मुलगी ईरा पहिलीत गेली तेव्हा मला आम्ही राहतो त्या हिगाशी-कसाईपासून फार लांब नसलेलं आणि वेळेवर सुटणारं काम हवं होतं. या कंपनीला रेडकरांच्या वह्यांमधला कार्यक्रम कॉम्प्युटरवर आणायचा होता. आमचे साहेब नाकागावा-सान पहिल्या दिवशी मला त्यांच्या टेबलाशी घेऊन गेले आणि आनंदाने म्हणाले, "रेडकर-सान, तुमच्या भाषेत बोलणारं माणूस आणलंय."

रेडकर उठले, नियमात बसेल तेवढे वाकले. साहेब वळले तसं मला मराठीत म्हणाले, "पुण्याच्या का?"

"हो."

"वाटलंच. समुद्र शिकवायला मुठेच्या काठावरून माणूस आणलाय."

हे बोलताना आवाज मऊ होता. पाहुण्याला चहा घेणार का विचारताना असतो तसा चेहरा. पुढे माझ्या लक्षात आलं की जपानीत हा माणूस कुणाला एक वावगा शब्द बोलत नाही. मराठी त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली होती, आणि तीसुद्धा टोचण्यापुरती. "साठेबाई, आजचा तक्ता बघितला. शाळेत भूगोलाला कोण होतं तुम्हाला?" "साठेबाई, तुम्ही अंदाज करू नका. अंदाज करायला थोडी माहिती लागते." दिवसातून दोन-तीन वेळा असं एखादं वाक्य माझ्या टेबलावर हळूच ठेवून ते पुढे जायचे. आजूबाजूच्यांना वाटायचं आमच्या गप्पा चालल्यात. एकदा नाकागावा-सान मला म्हणाले, "परदेशात आपल्या भाषेत बोलायला मिळणं किती छान, नाही?" मी हसले.

सुरुवातीला मीही उत्तरं द्यायचे. मग सोडून दिलं. त्यांचा मराठी आवाज आला की मी कानाला आतून कडी घालायचे. ही कडी मला पुढे महागात पडली.

त्यांच्या वह्या मात्र बघण्यासारख्या होत्या, हे लिहायलाच हवं. निळ्या पुठ्ठ्याच्या सव्वीस वह्या. दर फेब्रुवारीत ते तीन आठवडे एकटे पोर्तुगालला जायचे आणि तो किनारा पायी तपासायचे. अक्षर बारीक आणि सरळ. 'एरिसेइरा: बसथांब्यापासून समुद्राच्या कठड्यापर्यंत म्हाताऱ्या चालीने अकरा मिनिटं. वाटेत दोन बाक, दुसऱ्यावर दुपारी ऊन.' 'ओबिदुश: तटाला आतून कठडा नाही. गुडघे दुखणाऱ्यांना वर नेऊ नये, तट खालच्या गल्लीतून दाखवावा.' 'नाझरे: टेकडीवर रेल्वेने चढावं आणि रेल्वेनेच उतरावं. पायऱ्यांचा मोह करू नये.' कुठल्या हॉटेलात पाव सकाळचा असतो, कुठल्या मठात संडास तिकीटखिडकीच्या अलीकडे आहे, तेही होतं. आपला पाव आणि जपान्यांचा 'पान' एकाच पोर्तुगीज शब्दापासून आले, हे ते प्रत्येक गटाला निघण्याआधीच्या बैठकीत सांगायचे. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. म्हातारे लोक मात्र खूश होऊन टिपून घ्यायचे.

कुणीही काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "बघून आलात का?" नकाशा दाखवा, फोटो दाखवा, तिथल्या सरकारी माहितीचं पान दाखवा. "बघून आलात का?" आणि दुसरं एक वाक्य होतं, ते जपानीतही म्हणायचे. "घड्याळ माणसांचं असतं. किनाऱ्यावर पाणी कुठे आहे ते बघायचं."

ओजिमातल्या सरकारी इमारतीत ते एकटे राहायचे. बायको होती, ती रत्नागिरीला परत गेली, असं मंडळात बोलत. खरंखोटं माहीत नाही. मंडळाने एकदा त्यांना बोलावलं होतं, ते मी विसरलेले नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत बऱ्याच जणांना युरोपला जायचं होतं, म्हणून रेडकरांनी पोर्तुगालबद्दल दोन शब्द सांगावेत असं ठरलं. आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं जमली. पेनिशच्या किल्ल्याचं चित्र दाखवून ते सांगत होते की हा किल्ला समुद्रातून येणाऱ्या शत्रूसाठी बांधला आणि पुढे आपल्याच माणसांना कोंडायला वापरला. तेवढ्यात मागून एकाने विचारलं, "काका, तिकडे व्हेज मिळतं का?"

"मिळतं."

"आणि रील काढायला बेस्ट स्पॉट कुठला?"

रेडकरांनी लॅपटॉप मिटला. "तुमचं घर," म्हणाले. "प्रकाश चांगला असतो, जेवण व्हेज असतं आणि मध्ये समुद्र येत नाही." वायर गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि निघून गेले. मला त्या दिवशी लाज वाटली, कारण सगळे माझ्याकडे बघत होते, जणू तो माझा काका. घरी आल्यावर ईरा जपानीत म्हणाली, "ते आजोबा खरं बोलले." मी तिला मराठीत बोल म्हणून ओरडले. राग दुसऱ्याच कुणाचा होता.

माझा प्रोग्रॅम तयार झाला तेव्हा तो दाखवायला बैठक ठेवली. सात-आठ जण होते. मी पडद्यावर एक गट निवडला, तारखा घातल्या आणि बारा दिवसांचा कार्यक्रम क्षणात समोर आला. किल्ल्यांच्या सुट्टीचे वार, बसच्या वेळा, भरती-ओहोटी, सगळं आपोआप. नाकागावा-साननी टाळ्या वाजवल्या. मग रेडकर उठले आणि अतिशय आदराच्या जपानीत त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. या पुळणीवर उतरायला पायऱ्या किती? त्यांना कठडा कुठल्या बाजूला? ओल्या असतात का? ज्यांचा डावा गुडघा दुखतो ते कसे उतरतील? वीस मिनिटं हे चाललं. प्रत्येक वेळी मी "तपासून सांगते" म्हणत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "साठे-सान, आपण हा समुद्र बघून आला आहात का?"

"नाही."

"धन्यवाद," म्हणाले आणि बसले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वह्यांत चूक शोधायला बसले. दोन दिवस लागले. एका संग्रहालयाचा सुट्टीचा वार बदलला होता आणि वहीत जुनाच होता. मी ती चूक सगळ्या ऑफिसला मेल करून कळवली, नम्र भाषेत. रेडकर माझ्या टेबलाशी आले. "शाब्बास साठेबाई. वाचता येतं हे कळलं." त्यानंतर आमच्यात जे होतं त्याला शत्रुत्व म्हणायला हरकत नाही.

एप्रिलच्या गटाचा कार्यक्रम पहिल्यांदाच पूर्णपणे माझ्या प्रोग्रॅमवरून निघाला. चौदा जण, सगळे सत्तरीच्या पुढचे. सोबत मोरी-सान नावाची नवी टूर लीडर, पंचवीस वर्षांची. कार्यक्रमात एका लहान गावाखालची पुळण होती. ओहोटीला तिथे खडपाला, म्हणजे पाण्यात शिरलेल्या खडकाच्या सोंडेला, वळसा घालून पलीकडच्या दुसऱ्या पुळणीवर जाता येतं. ती फार सुंदर आहे म्हणतात. पण ही वाट पाणी पूर्ण उतरलेलं असताना तासभरच उघडी असते आणि पलीकडून वर यायला रस्ता नाही.

गट निघायच्या आदल्या आठवड्यात मी कॉपी मशीनपाशी उभी होते. रेडकर मागे येऊन थांबले. हातात माझ्या कार्यक्रमाचा कागद होता. त्याच मऊ आवाजात म्हणाले, "साठेबाई, तुमचं पाणी तासभर उशिरा उतरतंय."

मी वळलेसुद्धा नाही. मला वाटलं हे नेहमीचंच. मुठेचं पाणी, पुण्याचं पाणी, काहीतरी. "हो का?" म्हटलं आणि कागद उचलून गेले.

झालं होतं ते इतकं साधं. ओहोटीच्या तक्त्यात तिकडची उन्हाळी वेळ आधीच धरलेली होती. माझ्या प्रोग्रॅमने तिच्यात आणखी एक तास मिळवला. साडेअकराची ओहोटी कागदावर साडेबाराची झाली.

मला ते कळलं एका सकाळी ऑफिसात पोचल्यावर. सगळे उभे होते, कुणी बसलं नव्हतं. पोर्तुगालमध्ये आदल्या दुपारी गट कागदावरच्या वेळेप्रमाणे पलीकडच्या पुळणीवर गेला होता, आणि परतायला निघाला तेव्हा खडपाशी पाणी कमरेइतकं होतं. मोरी-सानने सगळ्यांना दगडांवर चढवलं. दोन तास ते चौदा जण भिजलेले, एकमेकांचे हात धरून बसून राहिले. शेवटी तिथल्या अग्निशामक दलाने दोर सोडून त्यांना वर घेतलं. योशिदा-सान नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई शेवाळावरून घसरल्या. कमरेखाली हाड मोडलं. बाकीचे बरे होते. कुणी गेलं नाही. मी हे वाक्य त्या दिवशी मनात किती वेळा म्हटलं असेल.

योशिदा-सान तिकडे शस्त्रक्रिया होऊन, चाकाच्या खुर्चीतून जपानात आल्या, तेव्हा कंपनीचा अहवाल लिहायची बैठक बसली. नाकागावा-सान चांगले गृहस्थ. त्यांनी कच्च्या मसुद्यात लिहिलं होतं, 'निसर्गातील अनपेक्षित बदलामुळे.' रेडकरांनी हात वर केला.

"निसर्गात काही बदललं नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी समुद्र ठरल्या वेळी उतरला आणि ठरल्या वेळी चढला. चूक एका तासाची आहे आणि ती कार्यक्रमाच्या कागदावर आहे. ती कुणाची, ते लिहावं."

कुणी माझ्याकडे बघितलं नाही. जपानी ऑफिसात न बघणं हे बघण्यापेक्षा जास्त लागतं. मी उठून सांगितलं की चूक माझी आहे, कशी झाली तेही सांगितलं. आणि मग, माझी मान खाली असतानाच, मला कॉपी मशीन आठवलं.

"रेडकर-सानना हे आधी माहीत होतं," मी म्हटलं. "त्यांनी मला सांगितलं होतं. मराठीत."

नाकागावा-साननी मसुदा बाजूला ठेवला. मग त्यांनी विचारलं, "खरं आहे?"

"खरं आहे," रेडकर म्हणाले.

"मग आम्हाला का नाही सांगितलंत? जपानीत? एक शब्द पुरला असता."

रेडकरांनी खोटं सांगितलं नाही. तेवढं श्रेय मी त्यांना देते, आणि तेवढ्यासाठीच माझा राग जात नाही. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला. "त्या तपासतात का, ते मला बघायचं होतं," म्हणाले. "गटाला पुढे मोरी-सान थांबवतील असं धरून चाललो. मी अंदाज केला."

बैठक संपली. अहवालात दोघांची नावं गेली.

मी घरी येऊन निखिलला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्या माणसाने चौदा जणांना समुद्रात जाऊ दिलं, केवळ तुला धडा शिकवायला." मी म्हटलं, हो. मग तो म्हणाला, "पण तू का नाही वळून बघितलंस?" त्या रात्री मी त्याच्याशीही बोलले नाही.

कंपनीने ठरवलं की आम्ही दोघांनी योशिदा-सानच्या घरी जाऊन माफी मागायची. त्या झुशीला राहायच्या, टोकियोपासून तासाभराच्या अंतरावर, समुद्राजवळ. मी गडद सूट घातला होता, रेडकरांनीही. त्यांच्या हातात कापडात बांधलेला मिठाईचा डबा होता. गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. तासभरात ते एकच वाक्य बोलले, "वाकलात की मी उठेपर्यंत उठू नका."

योशिदा-सान खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर पांघरूण. आम्ही चटईवर कपाळ टेकवून माफी मागितली. मी रेडकर उठेपर्यंत उठले नाही, आणि ते फार वेळ उठले नाहीत.

"कुणाचं किती चुकलं ते मला सांगू नका," योशिदा-सान शांतपणे म्हणाल्या. "मी ऐकून घेणार नाही. माफही करणार नाही, या वयात कशाला खोटं बोलू? मी शाळेत इतिहास शिकवायचे. दुसऱ्या दिवशी पेनिशचा किल्ला बघायचा होता. त्याच्यासाठी मी गेले होते. आता मला कुणी परत नेणार नाही."

त्यांनी मांडीवरचं पांघरूण सारखं केलं. मग त्या रेडकरांकडे वळल्या. "तुम्ही बघून आलाय ना? सांगा."

रेडकरांनी सांगायला सुरुवात केली. वही नव्हती, काही नव्हतं. पेनिश गाव समुद्रात कसं पुढे आलंय, जुन्या काळी भरतीला ते बेट कसं व्हायचं. किल्ल्याच्या दारातून आत गेल्यावर आधी थंडी लागते आणि मग वास येतो, मिठाचा आणि ओल्या चुन्याचा. कैद्यांच्या कोठड्यांची दारं कशी आहेत, भेटीला आलेल्या बायका काचेपलीकडे कुठे बसायच्या. एक कैदी चादरींचा दोर करून भिंतीवरून कसा उतरला, खाली समुद्र होता आणि त्याला ओहोटीची वेळ माहीत होती. इथे त्यांचा आवाज अडखळला. जरा थांबून त्यांनी पुढे सांगितलं. बाहेर आल्यावर उजव्या हाताला जाळी दुरुस्त करणारे कोळी बसतात, ते मान वर करत नाहीत. त्यांच्या मागच्या गल्लीत बायका दाराशी बसून लेस विणतात. हे सगळं ते चाळीस मिनिटं सांगत होते. मी त्या माणसाला पहिल्यांदाच बोलताना ऐकत होते. दोन वर्षं मी त्यांच्या वह्या टाइप केल्या, पण हा किल्ला मला दिसला तो त्या खोलीत. योशिदा-सान डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच विचारायच्या, "खिडकी केवढी?" आणि रेडकर हात पसरून दाखवायचे, बाईंचे डोळे मिटलेले असूनही.

निघताना योशिदा-साननी आम्हाला दारापर्यंत सोडलं नाही. मिठाईचा डबाही त्यांनी उघडला नव्हता.

स्टेशनकडे चालताना मला वाटलं की काहीतरी बोलावं. त्या चौदा माणसांबद्दल नव्हे, त्याहून लहान काहीतरी. मी म्हटलं, "रेडकर, तुम्ही किल्ल्याबद्दल सांगितलंत ते..."

"तुम्हाला सांगत नव्हतो," ते म्हणाले. या वेळी आवाज मऊ नव्हता. "तुम्ही खोलीत होतात म्हणून तुम्ही ऐकलंत."

त्यांनी राजीनामा पोस्टाने पाठवला. वह्या आधीच घरी नेल्या होत्या. नंतर ते ओजिमातून कुठे गेले, वेंगुर्ल्याला की आणखी कुठे, कुणालाच माहीत नाही. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते झुशीच्या प्लॅटफॉर्मवर.

गाडी आली. दार माझ्यासमोर उघडलं आणि मी आत गेले. वळून पाहिलं तर रेडकर जागचे हलले नव्हते. मी म्हटलं, "येताय ना?" ते मान वर करून पुढच्या गाडीची वेळ बघत होते. दार बंद झालं. गाडी हलली तरी ते तसेच उभे होते, ताठ, माझ्याकडे पाठ करून, आणि प्लॅटफॉर्मवर दुसरं कुणीही नव्हतं.